मुरूड ते हिंगणे : अण्णा कर्व्यांच्या वाटेवरचे पाच दिवस

आमच्या आजोबांची धाकटी बहीण, जिला घरातल्या तिन्ही पिढ्या आत्याच म्हणत, वयाच्या पंधराव्या वर्षी विधवा होऊन १९२० साली पुण्याबाहेरच्या हिंगण्यातल्या, विधवांना शिकवणाऱ्या आश्रमात दाखल झाली आणि तिथून शिक्षिका होऊनच बाहेर पडली. त्या भागाचे आजचे 'कर्वेनगर' हे नाव तिच्या तोंडून मी कधीही ऐकले नाही. ती शेवटपर्यंत 'हिंगण्याला' असेच म्हणत असे, आणि तो आश्रम काढणारे महर्षी धोंडो केशव कर्वे हे तिच्या बोलण्यात नुसते 'अण्णा' असत. एकशेचार वर्षे जगलेल्या या माणसाविषयी आम्हां भावंडांना जे ठाऊक होते ते बहुतेक आत्याकडून ऐकलेले, म्हणजे एकाच खिडकीतून पाहिलेले. माझे थोरले बंधू, आमचे दादा, गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले, आणि त्यांनी एके दिवशी नकाशा पसरून सांगितले की मुरूडपासून हिंगण्यापर्यंत एकदा जाऊन येऊ, तेही पुण्यतिथीला हिंगण्यात पोहोचू अशा बेताने.

पहिला दिवस, ६ नोव्हेंबर : ठाणे ते मुरूड

या दिवसाविषयी सांगण्यासारखे थोडे आहे. माणगाव, मंडणगड करत दापोलीला पोहोचायला दुपार झाली, कारण वाटेत एक चाक पंक्चर झाले आणि सुटे चाक तपासून घ्यायचे राहिले आहे हे दादांना तेव्हाच आठवले. दापोलीहून मुरूडला उतरताना हवा दमट होत जाते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीची आगरे सुरू होतात. हे मुरूड जंजिऱ्याचे नव्हे, हर्णैजवळचे. पर्यटकांची ही गफलत इतकी नेहमीची आहे की ज्यांच्याकडे आम्ही उतरलो त्या काकूंनी आमचे नाव विचारण्याआधी 'योग्य मुरुडात आलात ना?' असे हसत विचारले. रात्री जेवणात बिरड्याची उसळ आणि सोलकढी होती. समुद्राचा आवाज पडवीपर्यंत येत होता.

दुसरा दिवस, ७ नोव्हेंबर : मुरूड

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, खेड तालुक्यातल्या शेरवली या आजोळी. परंतु वाढले ते मुरुडात. गावाची आखणी आजही नजरेत भरते. एक लांब सरळ पाखाडी, तिच्या दोन्ही बाजूंना घरे आणि प्रत्येक घरामागे आगर. सकाळी आम्ही त्या पाखाडीने निघालो, तेव्हा अंगणाअंगणांत सुपारी वाळत घातलेली होती. एका आजींनी मूठभर सोललेली सुपारी दादांच्या तळहातावर ठेवली आणि कोणती चिकणी, कोणती पांढरी हे बोटाने बाजूला सारून दाखवले. कर्व्यांच्या लहानपणी हे आगर आणि थोडीशी नोकरी एवढ्यावर घर चालायचे. पूर्वजांचे वैभव ओसरलेले होते आणि वडील केशवपंत जमीनदारांकडे कारकुनी करीत.

दुर्गादेवीचे देऊळ गावाच्या मध्यावर आहे. त्याचे कोरीव लाकडी खांब पाहायला लोक दुरून येतात; आम्ही मात्र वेगळ्या कारणासाठी तिथे बराच वेळ बसलो. गावातल्या शाळेचे सोमण गुरुजी याच देवळात वर्तमानपत्र आणून वाचून दाखवीत आणि पुढे हे काम धोंडू कर्वे या विद्यार्थ्याकडे आले, असे अण्णांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे. समाजकार्याचे पहिले बीज शोधायचे तर मला ते इथेच दिसते. लाजाळू, चारचौघांत शब्द न फुटणाऱ्या मुलाने देवळात बसून दुसऱ्यांनी लिहिलेले मोठ्याने वाचायचे, यात वक्तृत्व नाही, फक्त नेम आहे. आणि अण्णांनी आयुष्यभर जे केले त्याची जात हीच होती. वक्ते म्हणून ते कधीच नावाजले गेले नाहीत. पुढे मुंबईला गेल्यावर त्यांनी गावच्या भल्यासाठी 'मुरूड फंड' उभारला, तोही बाहेरगावी कमावत्या झालेल्या मुरूडकरांकडून नेमाने वर्गणी गोळा करून.

ज्या गावासाठी फंड उभारला त्याच गावाने बहिष्कार घातला, ही गोष्ट मुरुडात बसून आठवली की तिला वेगळाच रंग चढतो. पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली गेल्या. अण्णांना वयाने लहान अशी कुमारिका सहज मिळाली असती, कारण त्या काळी बिजवरांची लग्ने अशीच होत. परंतु ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या गोदूबाई या विधवेशी पुण्यात विवाह केला. त्या त्यांच्या मित्राची, नरहरपंत जोशी यांची, बहीण. लग्नानंतर त्यांचे नाव आनंदीबाई झाले आणि महाराष्ट्र त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागला. मुरुडात पंचांची सभा भरली, आणि बहिष्काराची झळ गावातच राहणाऱ्या आईला आणि थोरल्या भावाच्या घराला पोहोचली. पुण्यात राहणाऱ्या प्राध्यापकाला बहिष्कार सोसणे एक वेळ शक्य होते. ज्या आईला पाखाडीतल्या हळदीकुंकवालाही कोणी बोलावणार नव्हते तिने काय सोसले असेल, याचा विचार मी त्या सरळ पाखाडीने परत येताना करत होते. घरे इतकी लागून आहेत की कोणी कोणाला टाळले तर ते सगळ्या गावाला दिसावे.

आज गावात त्यांचे स्मारक आहे आणि समोरून पर्यटकांच्या गाड्या किनाऱ्याकडे जातात. संध्याकाळी आम्ही हर्णैला जाऊन आलो. सुवर्णदुर्ग मावळतीला काळा पडला होता आणि बंदरात मासळीचा लिलाव रंगात आला होता.

तिसरा दिवस, ८ नोव्हेंबर : कुंभार्ली घाटाने सातारा

हर्णै बंदर पाहण्याला कारण होते. सरकारी नोकरीसाठी लागणाऱ्या परीक्षेला बसायचे तर मुंबई किंवा सातारा गाठावे लागे. मुंबईची वाट समुद्राची आणि सोपी होती. पण पावसाळी हवेमुळे बोटीचा भरवसा राहिला नाही, तेव्हा धोंडू आणि त्याचे सोबती पायी साताऱ्याला निघाले. शंभर मैलांहून अधिक वाट, मध्ये सह्याद्री, पाठीवर पडशी आणि डोक्यावर पाऊस. आमच्या गाडीच्या काट्याने मुरूडपासून सातारा गाठेपर्यंत एकशे ऐंशी किलोमीटरच्या पुढचा आकडा दाखवला. खेड आणि चिपळूण मागे टाकून आम्ही पोफळीवरून घाट चढू लागलो, तेव्हा दादांनी गाडीच्या काचा खाली करायला लावल्या, का, तर चालणाऱ्याला वारा कसा लागतो ते कळावे म्हणून! घाटमाथ्यावर गाडी थांबवून आम्ही मागे वळून कोकण पाहिले. धुक्यातून डोंगरांच्या फक्त पाठी वर आलेल्या होत्या. पावसाळ्यात हेही दिसले नसेल.

माथ्यावरून हेळवाक, कोयनानगर, पाटण करत उंब्रजला हमरस्ता लागला आणि दुपारी उशिरा सातारा आला. एवढी पायपीट करून धोंडू कर्वे परीक्षेच्या समितीपुढे उभा राहिला, तेव्हा सतरा वर्षे पूर्ण झालेली असूनही तो लहानखुरा दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. दाखला हातात होता, पण चेहऱ्यावर विश्वास ठेवला गेला. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत चिकाटीचा धडा म्हणून येते आणि नेमकी इथेच संपते. मला मात्र नेहमी परतीची वाट आठवते. जाताना पायांत निदान परीक्षेची घाई होती. येताना तोच घाट, तोच पाऊस आणि हाती काहीच नाही. आपल्याकडे धडे लिहिणारे लोक परतीच्या प्रवासाबद्दल फारसे लिहीत नाहीत.

साताऱ्यात राजवाड्याजवळ कंदी पेढे घेतले आणि लवकर झोपलो. दुसऱ्या दिवशी चालायचे होते.

चौथा दिवस, ९ नोव्हेंबर : पुणे, फर्ग्युसन ते हिंगणे

एल्फिन्स्टन कॉलेजातले सहाध्यायी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून अण्णा १८९१ साली फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून आले आणि १९१४ पर्यंत तिथेच शिकवीत राहिले. १८९६ साली त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिचे अध्यक्ष होते. विधवांना शिकवून पायावर उभे करायचे, पुनर्विवाहाचा प्रचार मात्र आश्रमातून करायचा नाही, असे अण्णांनी ठरवले होते. ज्याने स्वतः पुनर्विवाह केला त्याने हा विषय आश्रमाच्या दाराबाहेर ठेवावा, हे काही सुधारकांना पळपुटेपणाचे वाटले. मला ते हिशेबी वाटते, आणि हिशेबी हा शब्द मी चांगल्या अर्थाने वापरते आहे. कारण ज्या बापाला मुलीच्या पुनर्विवाहाची धास्ती वाटत होती तोसुद्धा तिला आश्रमात धाडू शकला. आमच्या आत्याचे वडील त्यांपैकीच एक होते.

पुण्यात प्लेगचा कहर झाल्यावर आश्रम शहराबाहेर नेणे भाग पडले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले, आणि १९०० साली तिथल्या माळावर एका झोपडीत आश्रम सुरू झाला. दिवसभर कॉलेजात शिकवायचे, संध्याकाळी चार मैल चालत हिंगण्याला जायचे, तिथल्या विधवांना शिकवायचे, सकाळी परत पुण्याला यायचे, असा क्रम अण्णांनी जवळजवळ दोन वर्षे चालवला. बरोबर न्यायची ओझी असत ती वेगळीच, कारण माळावर चिमटीभर मीठसुद्धा मिळण्यासारखे नव्हते.

आम्ही संध्याकाळी साडेचारला फर्ग्युसनच्या फाटकातून निघालो. गुडलक चौकापर्यंत गर्दीतून अंग चोरून चालावे लागले. डेक्कनपासून डोक्यावर मेट्रोचा पूल आला आणि आम्ही कर्वे रस्त्याला लागलो. गरवारे कॉलेज, नळस्टॉप, पौड फाटा अशी ठिकाणे आज सिग्नलांनी मोजली जातात. नळस्टॉपच्या पुढे माझ्या उजव्या टाचेला फोड आला. एका चहावाल्याकडे बसून मी चप्पल काढली, तेव्हा त्याने कुठून आलात म्हणून विचारले आणि उत्तर ऐकून 'एवढ्यासाठी चालत कशाला, दहा मिनिटांनी बस आहे की' असा सरळ सल्ला दिला. दादांनी त्याला अण्णांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. पण गिऱ्हाईक आले आणि ती अर्धवटच राहिली. पुढे मृत्युंजयेश्वराचे देऊळ ओलांडले आणि कर्वे पुतळा आला. कोथरूडकरांच्या तोंडी हा आता पुतळा राहिलेला नाही, तो बसथांबा आहे. 'पुतळ्यापाशी भेटू' म्हणणाऱ्या शंभरांतल्या किती जणांनी मान वर करून त्या चेहऱ्याकडे पाहिले असेल कोण जाणे. आम्हीही त्या दिवशी रस्ता ओलांडण्याच्या गडबडीत जेमतेम पाहिले.

हिंगण्याला पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. एकेकाळच्या माळावर आज शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलींच्या दुचाकींच्या रांगा आहेत. पहिल्या दिवसांची आठवण म्हणून राखलेली झोपडी या सगळ्याच्या मध्ये इतकी लहान दिसते की प्रथम नजर तिच्यावरून घसरते. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी अण्णा गेले ते याच हिंगण्यात. सकाळी कोणी वाहिलेली शेवंतीची फुले संध्याकाळपर्यंत मलूल झाली होती. एक मुलगी फोनवर बोलत आमच्या जवळून गेली, थांबली, चपला काढून नमस्कार केला, आणि बोलणे न तोडता पुढे गेली. आत्याला हे आवडले असते, निदान मला तसे वाटले.

आत्या अण्णांइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, बोलायची ते पार्वतीबाई आठवले यांच्याविषयी. बायांची ही धाकटी विधवा बहीण आश्रमात शिकली, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरली आणि १९१८ साली थेट अमेरिकेला गेली. इंग्रजीचा गंध बेताचाच, म्हणून तिथे लोकांच्या घरी कामे करून राहिली आणि मदत गोळा करून परतली. स्वतः बायांनी आपल्या आठवणींत घरखर्चाच्या ओढाताणीविषयी आडपडदा न ठेवता लिहिले आहे. अण्णांची मिळकत संस्थेकडे वळत असे आणि घरात मुले लहान होती. अण्णांच्या निःस्वार्थीपणाची अर्धी किंमत बायांनी चुकती केली, हे आपल्या चरित्रलेखकांनी थोडे अधिक ठळक अक्षरांत लिहायला हवे होते.

आश्रमाच्या वाढीचा आलेख इथे देत बसत नाही. १९०७ साली महिला विद्यालय, १९०८ साली निष्काम कर्म मठ, आणि मग १९१६ साली महिला विद्यापीठ. विद्यापीठाच्या मुळाशी टोकियोच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका होती, जी बनारसच्या बाबू शिवप्रसाद गुप्तांनी पाठवलेली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद अण्णांकडे आले, तेव्हा त्यांनी ती कल्पना भाषणात मांडली आणि सहा महिन्यांत हिंगण्यात वर्गही सुरू केले. पहिल्या वर्गातल्या मुली हातांच्या बोटांवर मोजता येत. मातृभाषेतून शिक्षण आणि बायकांसाठी वेगळा अभ्यासक्रम ही दोन सूत्रे होती. पहिल्याचे कौतुक आजही व्हावे. दुसऱ्याविषयी माझे मन साशंक आहे. गृहजीवनशास्त्राला गणिताच्या वरची जागा देणारा अभ्यासक्रम गणिताच्याच प्राध्यापकाने आखावा, याचे दादांना आजही वैषम्य वाटते. त्या दिवशी जेवताना आमचा यावर बराच वाद झाला. बाई शिकलीच पाहिजे, आणि तिला शिकू देणारा समाज जसा आहे तसाच आहे, या दोन गोष्टी अण्णा एकाच वेळी धरून चालत होते, हे माझे म्हणणे दादांना पटले नाही.

पाचवा दिवस, १० नोव्हेंबर : मुंबई

टाचेला पट्टी लावून सकाळच्या गाडीने मुंबईला आलो. दादा गाडी घेऊन परस्पर ठाण्याला जाणार होते, पण वाद अपुरा राहिल्यामुळे गाडी पुण्यातच भाच्याकडे ठेवून तेही बरोबर निघाले.

मुंबईत अण्णा दोनदा आले असे म्हणता येईल. पहिल्यांदा विद्यार्थी म्हणून. रॉबर्ट मनी स्कूलमधून १८८१ साली, म्हणजे तेविसाव्या वर्षी, ते मॅट्रिक झाले आणि १८८४ साली पदवीधर. दुसऱ्यांदा आले ते त्यांचे विद्यापीठ. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आईच्या नावे पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठ 'श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी' या नावाने ओळखले जाऊ लागले. १९३६ साली त्याचे मुख्य ठाणे मुंबईला हलले. चर्चगेटच्या आवारात आम्ही गेलो तेव्हा परीक्षेचे अर्ज भरण्याची धांदल होती. सुरुवातीला इथल्या पदव्या 'गृहीतागमा' आणि 'प्रदेयागमा' अशा होत्या, हे मी रांगेतल्या एका मुलीला सांगितले, तर ती म्हणाली, 'बरं झालं बदललं, फॉर्मवर मावलं नसतं.'

तिथून चालत समुद्रावर आलो. १९२९ च्या मार्चमध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, अण्णा जगाच्या प्रवासाला निघाले. इंग्लंडमध्ये त्यांनी भारतातल्या स्त्रीशिक्षणावर व्याख्यान दिले, जिनिव्हा आणि एल्सिनोर इथल्या शिक्षण परिषदांना हजेरी लावली, बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांची भेट घेतली, अमेरिका पाहिली आणि ज्या विद्यापीठाच्या पुस्तिकेने सारे सुरू झाले ते टोकियोचे विद्यापीठ डोळ्यांनी पाहून १९३० च्या एप्रिलमध्ये परतले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते पुन्हा निघाले, या वेळी आफ्रिकेकडे. मोंबासापासून केनिया, युगांडा, टांगानिका, झांजीबार करत दक्षिण आफ्रिकेपर्यंत पंधरा महिने फिरले. या सगळ्या प्रवासात स्थलदर्शन हे काम दुय्यम होते. जिथे चार हिंदी माणसे भेटतील तिथे संस्थेची माहिती सांगायची, वर्गणी घ्यायची आणि पावती द्यायची. प्रवासवर्णन लिहिणाऱ्याला असा प्रवासी फार अडचणीचा, कारण तो सूर्यास्ताविषयी बोलत नाही.

परतल्यावर तरी थांबावे, तर १९३६ साली खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढले आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यासाठी पुण्यात दारोदार वर्गणी मागितली. आत्या तेव्हा पेठेतल्या एका वाड्यात राहत होती. म्हातारा माणूस काठी न टेकता जिने चढतो, हे वाड्यावाड्यांतल्या बायकांनी पाहिले आहे, असे ती सांगे. १९४४ साली, सहाऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, जातिभेद मोडण्यासाठी समता संघ स्थापन केला. पहिल्या काळात आश्रमाची दारे मुख्यतः ब्राह्मण विधवांसाठी होती, ही उणीव त्यांच्या मनाला लागून राहिली असावी, असे मला यावरून वाटते. थोरले चिरंजीव रघुनाथराव संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली प्राध्यापकी गमावून बसले, तेव्हा बापाने मुलाच्या बाजूने उघडपणे उभे राहायला हवे होते की नाही, हा आमच्या वादाचा दुसरा भाग होता, आणि यावर मात्र आम्हां दोघांचे एकमत झाले. शंभरी भरली त्या १९५८ साली भारतरत्न मिळाले आणि वाढदिवसाच्या दिवशी टपाल तिकीटही निघाले. दादांकडे ते तिकीट आहे.

कठड्यावर बसल्या बसल्या दादांनी खिशातून पेन काढले आणि पेढ्याच्या रिकाम्या खोक्यावर हिशेब मांडला. हिंगण्याला जायचे चार मैल, यायचे चार मैल. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, वर्षे दोन. बेरीज पाच हजार आठशे चाळीस मैल आली. मुंबईहून सुएझमार्गे निघालेली बोट एवढ्या अंतरात जिब्राल्टरला पोहोचते, असे फोनवर शोधून त्यांनी जाहीर केले. मी म्हटले, रविवार आणि कॉलेजच्या सुट्ट्या धरायच्या राहिल्या. त्यांनी त्या वजा करून पाहिल्या, तरी बोट सुएझच्या पुढे भूमध्य समुद्रात होती. मग थोडा वेळ खोक्याकडे पाहून त्यांनी वजाबाकीवर काट मारली आणि म्हणाले, सुट्टीच्या दिवशी तर माणूस दुपारीच निघाला असेल, हे दिवस धरलेच पाहिजेत.